कोणी धडकलं नाही, तरी गुडघा गेला

‘धडक कोणाची बसली?’ अपघात विम्याच्या अर्जातल्या या एका रकान्याने माझे अडीच महिने खाल्ले.

डिचोलीजवळ भातकापणी झालेल्या शेतात आम्ही संध्याकाळी फुटबॉल खेळतो. चेंडू अडवायला मी झटकन वळलो. बुटाचे स्टड मातीत रुतलेले, त्यामुळे पाऊल जागेवरच राहिलं आणि अंग फिरलं. गुडघा आत कलला, टक्क आवाज आला, मी खाली. हाताच्या अंतरावर कोणी नव्हतं. एक्स-रेत काहीच निघालं नाही. त्यात हाडं दिसतात, हाडांना एकमेकांशी बांधणारं लिगामेंट दिसत नाही. एमआरआयमध्ये कळलं, एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून सावरणारं एक मुख्य लिगामेंट, तुटलंय. शस्त्रक्रिया उत्तम झाली.

रकान्यात मी खरं तेच लिहिलं: ‘कोणाचीच नाही.’ पणजीतल्या विमा कार्यालयाचं उत्तर आलं: बाह्य कारण नाही, म्हणून अपघात नाही, जुनं दुखणं असावं. तीनदा गेलो. कुबड्यांवर दोन जिने चढायचे, दर वेळी नवं टेबल आणि प्रश्न तोच. एसीएलच्या बहुतेक दुखापती थेट धडकेशिवायच होतात, हे तिथे कोणी ऐकूनच घेईना. संताप व्हायचा.

वाट दाखवली आमच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी. “बाह्य बल नाही कसं? पाय जमिनीला जितका रेटतो, तितकीच जमीन पायाला उलट रेटते. पाऊल अडकलं की तोच रेटा गुडघा पिळतो.” सर्जनांनी हे पत्रात लिहून दिलं. पण खरं काम केलं एमआरआय अहवालातल्या एका ओळीने. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ‘बोन ब्रूज’, म्हणजे हाडाच्या आतला मुका मार, होता. गुडघा सटकताना ही हाडं एकमेकांवर आपटतात, त्याची ती खूण. काही महिन्यांत ती पुसट होत जाते. म्हणजे जखम ताजीच होती! दावा मंजूर झाला तेव्हा मला रडू आलं.

म्हणून एमआरआय लांबवू नका. अहवालात ‘बोन ब्रूज’ लिहिलंय का, तेवढं पाहा. नकाराचं कारण लेखी मागा, मी पहिल्या दोन खेपांना मागितलं नव्हतं. खेळायची घाईही नको: ९ महिने पुरे होऊन दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या मांडीच्या निदान ९० टक्के भरेपर्यंत सामना नाही, असं ताईंनी बजावलंय.

आणि हो, त्या रकान्यात ‘कोणाचीच नाही’ एवढंच लिहून थांबू नका. पाऊल कुठे रुतलं, अंग कुठे वळलं, ते तिथेच लिहा.