‘आय ॲम’ पुन्हा ऐकताना: नोंद नववी

‘अर्थ, विंड अँड फायर’ या अमेरिकी फंक (ठेक्यावर भर देणारे संगीत) वाद्यवृंदाचे स्टुडिओत घडलेले सगळे अल्बम क्रमाने ऐकायचे, प्रत्येकाला निदान तीन आठवडे द्यायचे आणि तोवर मत लिहायचे नाही, असा नेम मी गेल्या वर्षी धरला. त्यात या महिन्यात नववा, म्हणजे जून १९७९ मध्ये आलेला ‘आय ॲम’ समोर आला. या पाळीची मला थोडी धास्तीच होती, कारण या वाद्यवृंदाच्या चाहत्यांमध्ये फूट पडते ती नेमकी इथे. १९७५ चा ‘दॅट्स द वे ऑफ द वर्ल्ड’ आणि १९७७ चा ‘ऑल ‘एन ऑल’ ज्यांना प्राणप्रिय आहेत, त्यांच्या लेखी इथून घसरण सुरू होते. ज्यांनी हा वाद्यवृंद नाचाच्या गाण्यांतून ओळखला, त्यांना यापेक्षा सरस काही वाटत नाही.

आधी यंत्राची कथा, कारण पहिला आठवडा तिच्यातच गेला. माझी प्रत जुनी, अमेरिकी छपाईची, रद्दीच्या ढिगातून उचललेली आहे. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतल्यावर खरखर बरीच गेली, पण दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे ‘यू अँड आय’ सुरू झाले की गायकांचा प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचत होता. मी वहीत लगेच लिहून टाकले की ध्वनिमुद्रणच अती चकचकीत आहे. चार दिवसांनी प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन तपासायची पट्टी, काढून पाहिले, तेव्हा सुई धरणारे काट्रिज आपल्या जागेवरून थोडे तिरके बसलेले निघाले. ते सरळ केले, सुईचा भार १.७ वरून १.९ ग्रॅमवर नेला आणि टोचणी जवळजवळ नाहीशी झाली. वहीतली ती ओळ खोडली नाही, फक्त शेजारी काट्रिजची तारीख टाकली.

आता मूळ वादाकडे येतो. आमच्या रविवारच्या बैठकीत जुन्या पक्षाचे दोघे आहेत आणि त्यांचा सगळा राग ‘बूगी वंडरलँड’वर आहे. प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा ठोका, मेट्रोनोमवर मोजला तर मिनिटाला १३२ च्या आसपास पडणारा, त्यावर व्हायोलिनांचा झोत आणि सोबतीला ‘द इमोशन्स’ या बहिणींचे आवाज, हे सगळे त्यांना डिस्कोपुढे टाकलेली नांगी वाटते. काळही तसाच होता. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर दोन बेसबॉल सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला, आणि नंतरच्या गोंधळात दुसरा सामना झालाच नाही. ज्या शहरातल्या चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत वाद्यवृंदाचा संस्थापक मॉरिस व्हाइट याने ड्रमवादक म्हणून उमेदवारी केली, ज्या शहरातून इमोशन्स बहिणी आल्या, त्याच शहरात हे घडावे, याची गंमत वाटावी की खंत, हे मला ठरवता आलेले नाही.

पण तबकडीच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे भिंगातून वाचली, तेव्हा हा राग चुकीच्या गाण्यावर निघतो आहे असे माझे मत झाले. ‘बूगी वंडरलँड’च्या निर्मितीत मॉरिस व्हाइटच्या जोडीला अल मॅके आहे. मॅके म्हणजे या वाद्यवृंदाचा ठेका ज्याच्या मनगटात होता तो गिटारवादक, म्हणजे फंकच्या बाजूने साक्ष द्यायला पहिला ज्याला बोलवावा असा माणूस. हेडफोन लावून फक्त त्याच्या गिटारचा माग काढा: तो ठोक्याच्या अलीकडेपलीकडे इतके बारीक काप मारत राहतो की खालचा सरळसोट ठेकासुद्धा डोलू लागतो. शब्दही उत्सवाचे नाहीत. ॲली विलिस आणि जॉन लिंड यांनी हे गाणे लिहिले, आणि रात्री नाचघरात जाऊन एकटेपण विसरू पाहणारी आणि आरशासमोर उभी राहिली की उघडी पडणारी माणसे त्यात आहेत. ते नाचावे म्हणून लिहिले आहे हे खरे, पण नाचणाऱ्यावर ते फारसे खूश नाही. ग्रॅमी पुरस्कारांत डिस्कोसाठी एकदाच काय तो विभाग ठेवला गेला, त्यात त्याला नामांकन मिळाले, पण पुरस्कार मिळाला तो रिदम अँड ब्लूजच्या वाद्यसंगीत विभागात, त्याच्या गायनाविना असलेल्या आवृत्तीला.

मग बदल झाला कुठे? माझ्या मते तो गाणी लिहिणाऱ्यांच्या नावांत झाला. या अल्बमच्या नऊ गाण्यांपैकी सहांवर डेव्हिड फॉस्टरचे नाव आहे आणि सातांवर ॲली विलिसचे, तर वाद्यवृंदातल्या मंडळींपैकी मॉरिस व्हाइटखेरीज कोणाचेच नाही. ‘ऑल ‘एन ऑल’ शेजारी ठेवून पाहावा: तिथे व्हर्डीन व्हाइट, लॅरी डन, फिलिप बेली, अल मॅके हे सगळे गीतकार-संगीतकार म्हणून हजर आहेत. त्यांचा निर्माता आणि संगीत-संयोजक चार्ल्स स्टेप्नी १९७६ मध्ये गेला, तेव्हाच वाद्यवृंदाचा एक कान गेला होता. तरी पुढच्या वर्षी घरच्यांनीच ती उणीव भरून काढली. १९७९ मध्ये मात्र बाहेरून पाहुणे बोलावले गेले, आणि वादकांमध्येही ‘टोटो’ या रॉक बँडचे स्टीव्ह लुकाथर आणि स्टीव्ह पोर्कारो दिसतात. म्हणून ‘आफ्टर द लव्ह हॅज गॉन’ हे मला या अल्बममधले खरे वळण वाटते. फॉस्टर, जे ग्रेडन आणि बिल चॅम्पलिन यांच्या या गाण्याने अमेरिकेत दुसरा क्रमांक गाठला, ‘बूगी वंडरलँड’ सहाव्यावर थांबले होते, आणि ‘आफ्टर द लव्ह’वर कोणी डिस्कोचा आळ घेत नाही. पण त्यातली स्वरपट्टी इतक्या सफाईने जागा बदलत राहते की ठेक्याला करण्यासारखे काही उरतच नाही. गाणे सुंदर आहे, डॉन मायरिकचा शेवटचा सॅक्सोफोन तर मी सुई उचलून पाच वेळा ऐकला. तरी दहा वर्षे फंक वाजवलेल्या माणसांशिवायही ते असेच उभे राहिले असते, ही शंका जात नाही.

जुन्या पक्षाच्या दोघांना हे पटलेले नाही. त्यांच्या मते बॅलड, म्हणजे असे संथ भावगीत, निरुपद्रवी. एकाने विचारले, “म्हणजे तुमच्या मते पाया डिस्कोने नाही, बॅलडने खिळखिळा केला?” मी होय म्हणालो. त्यावर त्याने चहा मागितला, म्हणजे विषय पुढच्या रविवारी.

त्या बैठकीत एक पाहुणेही होते, लग्नाच्या बँडमध्ये तीसेक वर्षे ट्रम्पेट वाजवलेले. त्यांना या वादाशी काही देणेघेणे नव्हते. ‘इन द स्टोन’ची सुरुवात झाली आणि ते खुर्चीत पुढे सरकले. पितळी वाद्यांचा तो पहिला उठाव संपला तसे म्हणाले, “अहो, परत लावा. शेवटचा स्वर सगळ्यांनी एकदम सोडलाय.” स्वर एकत्र धरणे सवयीने जमते, एकत्र सोडणे फार कठीण, कारण प्रत्येकाचा दम वेगळा, हे त्यांनी ओठ आवळून, बोटांनी हवेतल्या कळा दाबत समजावले. त्यानंतर मी तो तुकडा ऐकतो तेव्हा स्वरांनंतरची शांतताच ऐकू येते. ज्याला आपण घासूनपुसून गुळगुळीत केलेले म्हणतो, त्यात यंत्राइतकाच माणसांच्या दमाचाही वाटा असतो, हे मला त्या दिवशी नीट कळले. यंत्राचा वाटाही छोटा नाही: ध्वनिमुद्रण सांभाळणारा जॉर्ज मॅसेनबर्ग म्हणजे पॅरामेट्रिक इक्वलायझरची (आवाजातली हवी ती पट्टी निवडून कमीजास्त करणारे उपकरण) मांडणी १९७२ मध्ये जगापुढे ठेवणारा माणूस, आणि इतक्या दाटीतही प्रत्येक वाद्य आपापल्या खुर्चीत बसलेले ऐकू येते ते त्याच्यामुळे.

बाकी गाण्यांबद्दल थोडक्यात. ‘कान्ट लेट गो’ निवांत ऐकण्यापेक्षा घर आवरताना जास्त आवडले. ‘लेट युअर फीलिंग्ज शो’ हे माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित रत्न. उत्तरार्धात व्हर्डीनची बास गिटार आणि तालवाद्ये जे मोकळे होतात, तिथे जुना वाद्यवृंद पुन्हा भेटतो. ‘स्टार’ ठीक. ‘रॉक दॅट!’ हा गायनाविना छोटा तुकडा नसता तरी चालले असते. ‘वेट’वर मत राखून ठेवले आहे.

पुढचा मुक्काम १९८० चा ‘फेसेस’, दोन तबकड्यांचा. यावेळी सुई टेकवण्याआधी वेष्टनावरची नावे वहीत उतरवून घेणार आहे, आणि ट्रम्पेटवाल्या काकांनी स्वतःहूनच विचारले आहे की बैठक कोणत्या रविवारी.