पंपावरची हवा

आईला टाइपरायटरबद्दल काही सांगायला जाणं म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखं. सातारच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तिने सत्तावीस वर्षं मराठी रेमिंग्टन बडवला. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसांचे अर्ज. मध्ये दोन कार्बन घातलेले. दर शनिवारी घरी मशीनची आंघोळ असायची. जुना टूथब्रश, थोडं स्पिरिट आणि एक टाचणी. ‘ध’ आणि ‘भ’च्या पोटात शाई साचून अक्षर आंधळं होतं, ते टाचणीने कोरून काढायचं. ते काम तिने मला कधीच करू दिलं नाही.

म्हणून परवा तिला म्हटलं, “अगं, अमेरिकेत एक लेखक होता, कॉर्मॅक मॅकार्थी. अख्खं आयुष्य एकाच टाइपरायटरवर लिहिलं. आणि मशीन साफ कसं करायचा, तर पेट्रोल पंपावर नेऊन हवेच्या नळीने धूळ उडवायचा. सर्व्हिसिंग कधीच नाही.”

आईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

“हवा मारायचा? मशीनला?”

मशीन म्हणजे ऑलिव्हेटी लेटेरा ३२, फिकट निळं, बॅगेत घालून कुठेही नेता येईल असं. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावी, लोकांनी गहाण टाकलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानात त्याने ते ५० डॉलरना घेतलं होतं. मॅकार्थीचा जन्म १९३३चा. वडील सरकारी प्रकल्पावर वकील, म्हणजे घरचं बरं होतं. याने मात्र कॉलेज अर्धवट सोडलं, चार वर्षं हवाई दलात काढली, त्यातली काही अलास्कात, आणि तिथल्या बराकीत वाचनाचा सपाटा लावला. पहिली कादंबरी रँडम हाउसला पाठवली, कारण दुसऱ्या कुठल्या प्रकाशकाचं नावच ठाऊक नव्हतं म्हणे! ती १९६५ साली आली. नाव झालं, पैसे काही झाले नाहीत. १९९२ साली ‘ऑल द प्रिटी हॉर्सेस’ गाजेपर्यंत त्याच्या एकाही पुस्तकाच्या पुठ्ठाबांधणीतल्या पाच हजार प्रती खपल्या नव्हत्या. तोवर त्याची साठी जवळ आली होती.

मधल्या कडकीच्या गोष्टी मला फार आवडतात. न्यू ऑर्लिन्समध्ये महिना ४० डॉलरच्या खोलीचं भाडं थकलं आणि त्याला बाहेर काढलं. एकदा टूथपेस्ट संपली, खिशात दमडी नाही; पत्रपेटी उघडून बघतो तर कुठल्याशा कंपनीने फुकट नमुना पाठवलेला. मोटेलमधले दिवे मिणमिणते असतात, म्हणून हा जास्त वॉटचा स्वतःचा बल्ब कॅमेऱ्याच्या लेन्सच्या डब्यात घालून बरोबर न्यायचा. बल्ब आईलाही पटला. शेडमध्ये तीही स्वतःचाच बल्ब लावायची आणि संध्याकाळी काढून पर्समधून घरी आणायची, नाहीतर सकाळी होल्डर रिकामा.

मग मी जरा रंगात येऊन पुढची गोष्ट सांगितली. दुसरी बायको ॲनी डिलाइल, इंग्लंडची गायिका. दोघं नॉक्सव्हिलबाहेर एका जुन्या गोठ्यात राहायचे, अंघोळीला तळ्यावर जायचे. विद्यापीठांतून फोन यायचे, व्याख्यानाला या, दोन हजार डॉलर देतो. हा सांगायचा, मला जे बोलायचंय ते पुस्तकात आहे. की पुढचा आठवडाभर पुन्हा घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ. ही आठवण ॲनीनेच नंतर सांगितलेली आहे.

“दाणे भिजत कोण घालत होतं?” आईने विचारलं.

इतकी वर्षं ही गोष्ट मी बाणेदारपणाचा नमुना म्हणून लोकांना ऐकवत आलेय. आता ऐकवताना घसा जरा अडकेल.

त्याच्या मजकुरात अवतरणचिन्हं नसतात, हे मात्र तिने एका फटक्यात निकालात काढलं. ती बारकी चिन्हं पानावर उगाच डाग पाडतात असं त्याचं म्हणणं. आई म्हणाली, “डागबिग काही नाही. शिफ्ट दाबायचा कंटाळा.” हे कुठल्या समीक्षकाने लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, पण मी तरी ते खोडून काढणार नाही.

या मशीनवर पन्नास वर्षांत साधारण ५० लाख शब्द उमटले असतील, असा त्याचा स्वतःचा अंदाज होता. त्यात खर्डे आले, पत्रं आली, न छापलेली पुस्तकंही आली. आकडा ऐकून आई गप्प झाली. मला वाटलं, दडपली. ती हिशेब करत होती. “इंग्रजी मिनिटाला चाळीस शब्दांनी धर. तासाला चोवीसशे. आठ तासांचे एकोणीस हजार.” मग मोबाइलवर भागाकार मलाच करायला लावला. २६० दिवस आले.

“रविवार सोडले तर दहा महिने,” ती म्हणाली. “पन्नास वर्षं कसली लागली?”

“विचार करायला लागत असतील गं.”

“असतील.” आणि मेथी पुन्हा हातात घेतली.

शेवटी मशीन दमलं. २००९ साली त्याने ते क्रिस्टीजच्या लिलावात काढलं, पैसे सांता फे इन्स्टिट्यूटला द्यायचे म्हणून. ही शास्त्रज्ञांची संशोधन संस्था; लेखकांपेक्षा याला भौतिकशास्त्रज्ञांत बसायला आवडायचं. पंधरा-वीस हजार डॉलर येतील असा अंदाज होता, आले २,५४,५००. तेव्हाच्या भावाने कोटीच्या वर. एका मित्राने त्याला त्याच जातीचं दुसरं मशीन ११ डॉलरना शोधून दिलं. पाठवणावळ त्याहून जास्त पडली. त्यानंतर २०२२ साली त्याच्या शेवटच्या दोन कादंबऱ्या आल्या, आणि २०२३च्या जूनमध्ये तो गेला.

आईचा रेमिंग्टन भंगारवाल्याने वजनावर नेला होता. आता ती ते काढणार म्हणून मी तयारीतच बसले होते. तिने भलतंच विचारलं.

“कोटीला घेणारा त्यावर टाइप काय करतो?”

“काही नाही. संग्राहक आहे तो, नावसुद्धा बाहेर आलं नाही. कपाटात ठेवला असेल.”

“मग रोलरच्या रबराचा दगड झाला असेल,” आई म्हणाली.