‘माझा नंबर कितवा?’

डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान घेऊन एम. ए. झाल्यावर मी बाणेरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत यूएक्स रिसर्चर म्हणून, म्हणजे लोक सॉफ्टवेअर प्रत्यक्षात कसे वापरतात याची अभ्यासक म्हणून, रुजू झाले. माझ्याकडे स्वतंत्रपणे आलेले पहिले काम म्हणजे डॉक्टरांची वेळ घेण्याच्या एका अ‍ॅपची मराठी आवृत्ती. अ‍ॅपमधून वेळ घेऊन झाल्यावरही बरेच रुग्ण दवाखान्यात फोन करून तीच चौकशी पुन्हा करतात, अशी दवाखान्यांची तक्रार होती. बटण ठळक केले आणि अक्षरे मोठी केली की हे थांबेल, असे आमच्यातल्या बहुतेकांना वाटत होते.

हडपसर, धायरी, कोथरूड आणि पिंपरी इथल्या आठ जणांना मी त्यांच्या घरी जाऊन भेटले. पद्धत साधी होती : अ‍ॅप वापरता वापरता मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९८० मध्ये या पद्धतीची जी तात्त्विक मांडणी केली, तिच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. हातातल्या कामाबद्दल जे मनात शब्दरूपाने चाललेलेच असते, ते नुसते उच्चारले तर विचारांचा ओघ बदलत नाही. पण माणसाला स्वतःच्या कृतीची कारणे द्यायला लावली, तर तो ओघच बदलू शकतो. हे मला पाठ होते, आणि तरीही पहिल्याच भेटीत मी धायरीच्या काकूंना विचारले, “इथे का दाबलंत?” काकूंनी बोट झटकन मागे घेतले आणि म्हणाल्या, “चुकलं का गं माझं?” त्यापुढची दहा मिनिटे त्या प्रत्येक बटणापाशी थांबून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. ‘का केलंत’ हा प्रश्न आपल्याकडे बहुधा जाब विचारतानाच कानावर पडतो, हे मला त्या वेळी कळले. पुढच्या सर्व भेटींत मी “हं, बोलत राहा” एवढेच म्हणत गेले.

तशीच अडचण ‘ना’ या छोट्याशा शब्दाची. “हे सोपं वाटलं ना?” असे विचारले की समोरचा माणूस, विशेषतः ज्याने आपल्याला चहा दिला आहे तो, नाही म्हणणारच नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटार-अपघातांच्या चित्रफिती पाहिलेल्यांना गाड्यांच्या वेगाचा अंदाज विचारला होता. गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या, अशा अर्थाचे क्रियापद प्रश्नात घातले तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.५ मैल आले, आणि नुसत्या टेकल्या, अशा अर्थाचे घातले तेव्हा ३१.८. एका क्रियापदाने एवढा फरक पडत असेल, तर होकार मागणाऱ्या ‘ना’ने किती पडेल, या विचाराने मी माझी संपूर्ण प्रश्नावली पुन्हा लिहिली आणि “आत्ता काय झालं?” हाच प्रश्न जागोजागी ठेवला.

खरे काम मात्र भेटी संपल्यावर सुरू झाले. ध्वनिमुद्रणे शब्दशः उतरवताना थांबणे, अडखळणे, वाक्य अर्ध्यावर सोडून ते दुरुस्त करणे, हे सर्व टिपायची सवय मला संभाषणविश्लेषणाच्या अभ्यासामुळे होती. चाळीस मिनिटांच्या बोलण्याला जवळजवळ पूर्ण दिवस लागत असे आणि सहकाऱ्यांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे. मला आजही तसे वाटत नाही. उतारे समोर ठेवून मी प्रत्येकाने डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी वापरलेली क्रियापदे वेगळी काढली. अ‍ॅपमध्ये सगळीकडे ‘अपॉइंटमेंट बुक करा’ असे होते. आठांपैकी सहा जण मात्र कधी ना कधी “नंबर लावते”, “नंबर लावून ठेवतो” असे बोलले होते.

या दोन शब्दप्रयोगांमागे दोन वेगळी चित्रे आहेत. वेळ घेतली की ती घड्याळातली जागा आपली होते. नंबर लावला की आपण रांगेत उभे राहतो, आणि तो ‘लागतो’ कधी हे आपल्या हाती नसते. कंपाउंडर नाव पुकारील तेव्हा तो लागला. माणूस बाहेरच्या जगाची एक लहानशी प्रतिकृती मनात चालवून पुढचा अंदाज बांधत असतो, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी १९४३ मध्ये मांडली होती. ज्याच्या मनातली प्रतिकृती रांगेची आहे, त्याला ‘सकाळी ११.२०’ एवढ्याने काहीच कळत नाही. वेळ निश्चित झाल्याची स्क्रीन समोर असताना हडपसरच्या ताईंनी विचारले, “पण माझा नंबर कितवा?” दवाखान्यात फोन करून लोक नेमके हेच विचारत होते.

दुसरे कारण कोथरूडच्या आजोबांनी दाखवले. शेवटच्या स्क्रीनवर वाक्य होते : ‘आपली विनंती स्वीकारण्यात आली आहे.’ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आजोबा ते वाचून म्हणाले, “म्हणजे कागद आत घेतलाय. काम व्हायचंय अजून.” खिडकीवर अर्ज ‘स्वीकारला’ जातो तो मंजूर होऊन नव्हे, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होते. वाक्य लिहिणाऱ्याला ‘मान्य झाली’ असे म्हणायचे होते. ‘स्वीकारणे’ हे क्रियापद दोन्ही अर्थ वाहते आणि ‘-ण्यात आली’ या रचनेत कर्ता दिसत नसल्यामुळे नक्की कोणी काय केले, याचा पत्ता लागत नाही.

माझा एक अंदाज साफ चुकला. ‘परवा’ हा शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांना चालतो, म्हणून तारखांच्या यादीत तो गोंधळ करील, अशी मला खात्री होती. एकाचाही गोंधळ झाला नाही. वेळ घ्यायची ती पुढचीच, हे संदर्भानेच ठरलेले होते.

अहवालाच्या बैठकीत “आठच माणसं?” हा प्रश्न आला, तसाच मेनूत सातच पर्याय ठेवण्याचा आग्रहही आला. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो प्रसिद्ध ‘सात’ आकडा नुकतेच ऐकलेले लक्षात ठेवून परत सांगण्याबद्दल आहे, डोळ्यांसमोरची यादी वाचण्याबद्दल नाही, हे मी शक्य तेवढ्या शांतपणे सांगितले. आकड्यांवर वाद घालण्याऐवजी मी काकू, ताई आणि आजोबा यांच्या संमतीने घेतलेले आवाज ऐकवले. त्यानंतर ठळक बटणाचा आणि मोठ्या अक्षरांचा विषय निघाला नाही.

नवे वाक्य असे झाले : ‘तुमची वेळ ठरली आहे. गुरुवारी सकाळी ११.२० वाजता डॉक्टर तुम्हाला तपासतील.’ त्याखाली ‘तुमच्या आधी ३ रुग्ण आहेत’ ही ओळही मला हवी होती. क्रम ऐन वेळी बदलतो म्हणून तंत्रज्ञांनी विरोध केला, आणि शेवटी ती ओळ फक्त भेटीच्या दिवशी दाखवायचे ठरले. पुढच्या फेरीत मी तीन नव्या आणि दोन जुन्या लोकांना भेटले. आजोबांनी वाक्य मोठ्याने वाचले, “ठरली आहे” यापाशी क्षणभर थांबले आणि “झालं मग” म्हणत फोन खिशात ठेवला. हडपसरच्या ताईंनी मात्र सगळे वाचून झाल्यावरही दवाखान्याचा फोन नंबर कुठे आहे असे विचारले. तो आता त्याच स्क्रीनवर, वेळेच्या खाली दिलेला असतो.