तंबोरा मिरजेला थांबला

पुण्याहून कोल्हापूरला रात्रीच्या खाजगी बसने गेलो. क्लीनरने तंबोरा आत घेऊ दिला नाही. "डिक्कीत काही होत नाही ताई," म्हणाला. पहाटे गवसणी उघडली तर भोपळ्याला वीतभर चीर. मी बसस्टँडवरच रडले. बारा दिवस, सहा गावं, स्वतःच्या चाली, बरोबर एक तबलजी, आणि पहिल्याच सकाळी हे.

या दौऱ्यासाठी मी चार महिने ईमेल पाठवत होते. कॅफे, सभागृहं, महोत्सव, मिळून चाळीसेक. उत्तरं आली तीन. त्यातल्या एका कॅफेत कोल्हापूरचा कार्यक्रम झाला, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर, आणि कॉफीचं मशीन शेवटपर्यंत चालूच होतं. त्या संध्याकाळबद्दल आणखी लिहावंसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मिरज. तबलजी सांगलीला बहिणीकडे गेला आणि मी तंबोरा पोटाशी धरून सतारमेकर गल्लीत शिरले. इथली घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांची कामं मंदावली तसे त्यांचे हात वाद्यांकडे वळले, त्याला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत मात्र आधी दिसतात ते छताला टांगलेले मंगळवेढ्याकडचे भोपळे, आणि नाकात जातो लाकडाचा भुसा.

दुकानातल्या चाचांनी चिरेवरून नुसता अंगठा फिरवला. "दोन रात्री ठेवा हितं. घाई केली तर पुन्हा उघडंल." चिरेत सरस भरला, दोरीने आवळून बांधला आणि भोपळा सावलीत ठेवून दिला. बेळगावचा कार्यक्रम तिसऱ्या दिवशी होता, म्हणून जमलं.

ते दोन दिवस मी स्टेशनजवळच्या लॉजवर काढले. संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन बसायचे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर तिथेच आहे. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले खाँसाहेब वाटेतल्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनच्या फलाटावर गेले. अखेरपर्यंत फिरतीवरच होते. म्हैसूर दरबाराला जाता-येता धारवाडला मुक्काम करायचे, आणि त्या मुक्कामांनी त्या मुलखाला गाणं दिलं. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचेच शिष्य. मला पुढे जायचं होतं ती रेल्वेही तीच, बेळगाव, लोंढा, धारवाड. आजवर हे सगळं मी इतिहास म्हणून वाचलं होतं. चिरलेला तंबोरा घेऊन तिथे बसल्यावर पहिल्यांदा प्रश्न पडला, की हा माणूस प्रत्येक गावात उतरायचा कुणाकडे? त्याचं नाव पुढच्या गावाला कोण कळवायचं?

तिसऱ्या सकाळी चाचा जवारी काढायला, म्हणजे तारांचा नाद खुलवायला बसले. "पट्टी कुठली?"

"काळी चार."

"सा लावा. थांबू नका."

मी सा लावून बसले. तारा टेकतात त्या घोडीवर ते कानस एकदाच, हलकेच फिरवायचे, तार सोडायचे, ऐकायचे. मग तारेखालचा सुताचा धागा नखाने केसभर पुढे, केसभर मागे. तार कोरडी, कोरडी, कोरडी, आणि एका जागी अचानक उघडली. सगळं दुकान भरून गेलं. मला राहवलं नाही, माझी एक चाल सुरू केली. त्यांनी मान खालीच ठेवून पूर्ण ऐकली.

"कुणाची चीज?"

"माझीच."

काही बोलले नाहीत. खुंटी पुसत म्हणाले, "धारवाडला कुणाकडं उतरणार?"

लॉज बघितलाय म्हटलं. त्यांनी फोन उचलला. "मास्तर, एक पोरगी पाठवतोय. तंबोरा हाय संगट, तबलजी हाय. उतरवून घ्या. ऐकून घ्या."

आठशे रुपये घेतले त्यांनी. मी जास्त देऊ लागले तर नोटा परत माझ्या हातात ठेवल्या.

बेळगावात सभागृह भरलं होतं, पण मानधन आधी ठरवायला मी लाजले आणि शेवटी शाल-श्रीफळ मिळालं. तबलजीचे पैसे मी घरच्या साठवणीतून दिले. आता फोनवर दुसऱ्याच वाक्यात आकडा सांगते. लाज अजून वाटते, तरी सांगते.

धारवाडला मास्तर स्टेशनवर आले होते, सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. त्यांनी आधी माझ्या हातातला तंबोरा घेतला, मग विचारपूस. बैठकीची खोली रिकामी करून जाजम अंथरलं होतं. बावीस माणसं आली. निम्म्यांना मराठी जेमतेम कळत होतं, पण समेवर माना बरोब्बर पडत होत्या. मध्ये कोणी उठलं नाही, कोणाचा फोन वाजला नाही. दाराशी पितळी डबा होता. तो मास्तरांनी आमच्यासमोर उघडून मोजला, साडेसहा हजार. नंतर ज्वारीची भाकरी, भरली वांगी, आणि रात्री दीडपर्यंत गप्पा. सकाळी चहा घेताना त्यांनी हुबळीला फोन लावला, तिथल्या बाईंनी पुढे कुंदगोळला. दौऱ्यात ठरलेल्या सहा गावांची आठ झाली, आणि वाढलेल्या दोन्हींसाठी मी एकही ईमेल लिहिला नव्हता.

तेव्हापासून एक वही ठेवलीय. कुठल्या घरात जिना अरुंद, कुठे लाईट जाते, कुणाला गुरुवार चालत नाही, कुणाच्या आईला भैरवी ऐकायचीच असते. मोठी सभागृहं त्यात फारशी नाहीत.

गेल्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. त्यांची एक विद्यार्थिनी पहिल्यांदाच पुण्यात गायला येतेय, बसवण्णांसारख्या संतांची कन्नड वचनं गाते, उतरायला जागा नाही. माझ्या दोन खोल्या. दिवाण बाहेरच्या खोलीतून हलवला तर पंधरा माणसं बसतील, मी आजच मोजून पाहिलं. गादी उन्हात टाकलीय. शुक्रवारी सकाळी तिला आणायला स्टेशनवर जातेय.