काळे कुंकू

काही वर्षांपूर्वी मुलीकडे बुडापेस्टला गेलो होतो. तिने आखून दिलेल्या यादीत संसदभवन होते, डॅन्यूबवरचे पूल होते, गरम पाण्याची स्नानगृहे होती. पण नाशिकला परतल्यापासून मनात घोळत राहिले आहे ते यादीत नसलेले, पाऊस आला म्हणून आडोशाला शिरलो ते छायाचित्रांचे छोटेसे संग्रहालय. मॉय मानो नावाच्या दरबारी छायाचित्रकाराने १८९४ मध्ये बांधून घेतलेले हे आठ मजली घर आहे. (यातले मॉय हे आडनाव. हंगेरीत आडनाव आधी लिहितात. आपल्या शाळेच्या दाखल्याप्रमाणे.) १९३०च्या दशकात याच वास्तूत एक नाइटक्लब होता म्हणे. भिंतींवरची चित्रे मी पाहिली आणि, खरे सांगायचे तर, त्यांतली बरीचशी विसरलोही.

विसरलो नाही तो तिथला काचेच्या छताचा स्टुडिओ. विजेच्या दिव्यांवर विसंबता येत नव्हते त्या काळी छायाचित्रकाराचे मुख्य भांडवल म्हणजे उजेड, आणि तोही थेट उन्हाचा नव्हे; ऊन चेहऱ्यावर कठोर सावल्या पाडते आणि तासातासाला जागा बदलते, म्हणून अशा स्टुडिओंची काच शक्यतो उत्तरेकडे ठेवीत. मॉय मानो यांची ख्याती लहान मुलांच्या छायाचित्रांसाठी होती. चित्र ज्यांवर उमटे त्या जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा वापरात आल्यामुळे चित्र घेण्याचा वेळ पुष्कळ कमी झाला होता खरा, तरीही चुळबुळ्या पोराला क्षणभर स्थिर बसवणे ही काही साधी करामत नव्हे.

त्या रिकाम्या खोलीत उभा असताना मला आठवला तो नाशिकच्या आमच्या घरातला आजी-आजोबांचा फोटो. मेन रोडवरच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळे, तळ्याकाठी राजवाडा आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. खरी गोदावरी आणि तिचा खरा घाट तिथून चालत दहा मिनिटांवर असताना या दोघांनी पैसे मोजून खोट्या तळ्यापुढे उभे राहावे, याचे मला लहानपणी हसू येई. मात्र त्याहून मोठे कोडे होते आजीच्या कपाळाचे. आजोबा शेजारी धडधाकट उभे असताना तिचे ठसठशीत कुंकू काळे कुळकुळीत कसे?

याचे उत्तर उजेडातच होते. जुन्या काचांना आणि फिल्मलाही सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग त्यांना फार लवकर जाणवे, तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे निळे आभाळ कागदावर पांढरेफटक उतरे आणि तांबडी वस्तू काळी. अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावून काम करता येई, ते याच कारणाने. आमच्या त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तिथे मी अनेकदा गेलो आहे. पण त्यांच्याही काचांवर कितीतरी सवाष्णींची कुंकवे अशीच काळी उमटली असतील, हा विचार सुचायला मला बुडापेस्टला जावे लागले.

परत आल्यावर पहिल्यांदा तो फोटो भिंतीवरून काढला, मागची धूळ पुसली आणि आत्याकडे घेऊन गेलो. आत्याचे वय नव्वदीच्या पुढे, नजर अधू, स्मरण मात्र लखलखीत. कुंकवाची हकिकत तिने शांतपणे ऐकून घेतली. मग माझ्या मनात आले की काळे ते तांबडे असेल, तर फोटोतले आजीचे पांढुरके लुगडेही पांढुरके नसणार. मी विचारले, तेव्हा आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेलाही नाही.

"पांढुरकं कुठलं रे? चिंतामणी रंगाचं होतं ते. फाटल्यावर त्याची गोधडी शिवली होती आईने. तू झोपलायस की तिच्यावर."