बंद पेटी की पोर्टवाली? सहा संध्याकाळींच्या नोंदी

माझ्याकडे बुकशेल्फ स्पीकरच्या दोन जोड्या आहेत, एक बंद पेटीची, एक पोर्टवाली. मागच्या खेपेला म्हटलं होतं की दोन्ही एकाच खोलीत लावून कोणती चांगली याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावतो. तो लागला नाही. पण वहीतली निम्मी विशेषणं खोडावी लागली, तीच गोष्ट इथे मांडतो.

जोड्या अशा. पहिली बंद पेटीची: खालच्या सुरांसाठी ५ इंची वूफर, वरच्या सुरांच्या ट्वीटरला १९ मिलिमीटरचा मऊ डोम, कागदावर सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती मोठा आवाज निघतो) ८४ डेसिबल. दुसरीला मागे पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं भोक: साडेसहा इंची वूफर, इंचभराचा अॅल्युमिनियम डोम, ८८ डेसिबल. नावं मुद्दामच देत नाही. नाव वाचलं की आपलं मत तयार, माझंही.

पहिली संध्याकाळ

अॅम्पचा व्हॉल्यूम एकाच खुणेवर ठेवला आणि आलटून पालटून ऐकलं. वहीत पोर्टवालीपुढे लिहिलं: खुला, भरदार, जिवंत, खणखणीत. बंद पेटीपुढे: किनरा, दबका, जरा बोदा. एकच स्पीकर एकाच वेळी किनरा आणि बोदा कसा असेल, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. खूश होऊन झोपलो.

दुसरी संध्याकाळ

सकाळी डोक्यात उजेड पडला. ८४ आणि ८८ मध्ये ४ डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे तेवढाच मोठा आवाज काढायला बंद पेटीला सुमारे अडीच पट पॉवर लागते. मी एकीला बोलायला लावलं होतं आणि दुसरीला कुजबुजायला, आणि वर कुजबुजणारी दबकी वाटते अशी तक्रार केली होती!

मग पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेली चाचणीची खरखर) लावून फोनमधल्या मीटरने आवाज जुळवला. असं मीटर बेसमध्ये भरवशाचं नसतं, आणि दोन पेट्यांचा बेस मुळातच वेगळा, म्हणून फक्त ५०० ते २००० हर्ट्झचा पट्टा घेतला. खरा आकडा नकोच होता, फरक हवा होता. तो साडेतीन डेसिबल निघाला. तो अर्ध्या डेसिबलच्या आत आणला आणि पुन्हा ऐकायला बसलो.

‘खुला’ गेला. ‘जिवंत’ गेला. ‘दबका’ही गेला. हळू आवाजात आपल्या कानाला बेस तुलनेने कमी ऐकू येतो; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे आलेखांवर मांडलं होतं. त्यामुळे आवाज थोडा वाढवला की स्पीकर नुसता मोठा नाही, भरलेलाही वाटतो. हे सगळं आधी वाचलेलं होतं. तरी फसलोच.

उरले ‘भरदार’, ‘किनरा’, ‘बोदा’ आणि ‘खणखणीत’.

तिसरी संध्याकाळ

ही पूर्ण माझ्या गाढवपणाची. दोन्ही जोड्या स्टँडवर ठेवताना मी पेट्यांच्या पाठी एका रेषेत आणल्या होत्या, भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर. पण बंद पेटीची खोली २० सेंटिमीटर आणि पोर्टवालीची ३२. म्हणजे वूफर असलेला पुढचा बॅफल (दर्शनी फळी) एकीत भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर, तर दुसरीत ७२ वर. वूफरपासून भिंत पाव तरंगलांबीवर येते त्या फ्रिक्वेन्सीला भिंतीवरून परतणारा आवाज उलटा येऊन थेट आवाजाला खातो. हिशेब केला: बंद पेटीला तो खड्डा साधारण १४३ हर्ट्झला, पोर्टवालीला ११९ ला. पुरुषाच्या बोलण्याचा छातीतला भाग नेमका याच परिसरात असतो. म्हणजे ज्याला मी स्पीकरचा स्वभाव म्हणत होतो, त्यातला काही भाग माझ्या मोजपट्टीचा होता.

शिवाय बुटक्या पेटीचा ट्वीटर कानापेक्षा ९ सेंटिमीटर खाली होता. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो त्या सीमेच्या आसपास, अडीच हजार हर्ट्झला, तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर असते. कान वरखाली झाला की वूफर-ट्वीटरचं कानापर्यंतचं अंतर बदलतं आणि दोघांचा मेळ बिघडतो. खाली तीन जाड पुस्तकं सरकवली, बॅफल एका रेषेत आणले. ‘बोदा’ जवळजवळ पुसला गेला. (बुकशेल्फ स्पीकरला पुस्तकांचा झालेला हा माझ्याकडचा एकमेव उपयोग. शेल्फवर त्यांना ठेवू नये हे आपण सगळे जाणतोच.)

चौथी संध्याकाळ

जोडी बदलायला मला दीड मिनिट लागतं, आणि तेवढ्यात कानातली चव उडून जाते. दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या तर आतल्या जोडीचं साउंडस्टेज (समोर आवाज पसरल्याचा भास) आपोआप अरुंद होतं. मग मोनोकडे वळलो: प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर, शेजारी शेजारी, मध्ये स्विच. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या प्रयोगांत ऐकणाऱ्यांना स्पीकरचे दोष स्टिरिओपेक्षा मोनोत जास्त चटकन कळले होते. त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की पेटी डोळ्यांना दिसत असली की पसंती बदलते. म्हणून पुढे पातळ कापडही टांगलं.

आता काय ऐकायचं? गाण्यात मूळ आवाज कसा होता ते आपल्याला ठाऊक नसतं. बीबीसीचे अभियंते मॉनिटर पारखताना माणसाच्या बोलण्याला फार महत्त्व द्यायचे. त्यांचा १९७० च्या दशकातला एलएस३/५ए, म्हणजे बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावावा म्हणून केलेला जेमतेम ५ लिटरचा बंद डबा, आजही बोलण्याच्या आवाजासाठीच नावाजला जातो. तीच वाट धरली. धाकट्या भावाला पुढ्यात बसवलं, वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचायला लावून रेकॉर्ड केला, आणि त्यालाच खुर्चीत बसवून ऐकवला. स्विच माझ्या हातात. कुठली पेटी चालू आहे हे त्याला माहीत नव्हतं.

पहिल्या पेटीवर तो म्हणाला, “हा मी नाही रे दादा. हा सर्दी झालेला मी.”

स्विच फिरवला. “आता सर्दी गेली. पण याचे सगळे दात नवीन बसवलेत.”

मी इतकी वर्षं रिव्ह्यू वाचतोय, एवढं नेमकं वर्णन सापडलं नव्हतं. पहिली बंद पेटी होती. मोजमाप केल्यावर तिच्यात ८०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान दीड-दोन डेसिबलचा उंचवटा दिसला. नाकातला सूर तिथला. मी त्याला ‘किनरा’ म्हणत होतो, म्हणजे शब्द अगदीच चुकला नव्हता. दुसरी पोर्टवाली. तिच्यावर प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ शब्दापासून सुटून अर्धा पाऊल पुढे येत होता. माझा ‘खणखणीत’ तो हाच.

पाचवी संध्याकाळ

बेसचं थोडक्यात. बंद पेटीचा बेस खाली उतरताना दर ऑक्टेव्हला (सप्तकाला) १२ डेसिबल घटतो, पोर्टवालीचा पोर्टच्या ट्यूनिंगखाली २४. म्हणून बंद पेटी लवकर थकते पण हळूहळू, पोर्टवाली बराच वेळ दम धरते आणि मग एकदम बसते. माझी खोली ४.३ मीटर लांब, म्हणजे ४० हर्ट्झला ती स्वतःच गुणगुणते, आणि पोर्टवाली तिला नेमका तिथेच सूर लावून देते. पोर्टमध्ये गुंडाळलेला मोजा घातला. तबल्याच्या बायाची मींड घसरत खाली जाताना आधी शेवटच्या टोकाला फुगायची, ती आता एका जाडीची राहिली. ‘भरदार’ मधला बराचसा भार खोलीचा होता. तरी मोज्यासकट ती बंद पेटीपेक्षा भरीव आहेच; वूफरचा आकार कुठे लपणार.

सहावी संध्याकाळ

नव्या दातांचा बंदोबस्त. पोर्टवालीचं तोंड कानाकडे वळवलेलं होतं, ते सरळ केलं. आता मी ट्वीटरच्या अक्षापासून साधारण २० अंश बाजूला बसतो. ‘स’ शब्दात परत गेला. पण पियानोची वरची पट्टी अजून अंगावर येते. माझा अंदाज असा: साडेसहा इंची वूफर अडीच-तीन हजार हर्ट्झजवळ आवाज समोरच फेकू लागतो, आणि लगेच वर लहानसा ट्वीटर चारी बाजूंना पसरवतो. त्यामुळे बाजूच्या भिंतींवरून त्या पट्ट्यात जास्त आवाज परततो, आणि तोंड फिरवून तो जात नाही. वूफरच्या मधोमध ट्वीटर बसवायची केईएफ या स्पीकर-कंपनीची युनि-क्यू रचना आहे ती हाच सांधा जुळवायला. भिंतीवर रजई टांगून बघणार आहे.

एक जुना तोडगा मात्र करून पाहिला. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ चा घरगुती बुकशेल्फ. पुढे स्टुडिओत गेला, तेव्हा त्याचा चिरकेपणा कमी करायला इंजिनिअर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. मीही एक पदर लावला. दात बोथट झाले, पण झांजेची किणकिणही गेली. कागद काढला.

सध्या स्टँडवर पोर्टवाली, मोज्यासकट. बंद पेटी टेबलावर आणली आहे, हातभर अंतरावरून बोलण्याचे कार्यक्रम ऐकायला. इतक्या जवळून ती सर्दी फारशी जाणवत नाही. भाऊ मात्र अजून तिला ‘सर्दीवाली’च म्हणतो. त्याला खरोखर सर्दी झाली की तोच परिच्छेद पुन्हा वाचून घ्यायचं ठरलंय. तो तयार आहे.