रविवार-बुधवारची गोळी

आशाताई ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीचे पाकीट हातात देताना वारांचा जो हिशेब समजावतात, तो माझ्यासारख्या औषध-रसायनाच्या माणसाला लक्ष देऊन ऐकावासा वाटतो. पाळीचा पहिला दिवस रविवारी आला, तर पहिली गोळी रविवारी आणि दुसरी बुधवारी घ्यायची. तीन महिने असे रविवार-बुधवार पाळले की पुढे फक्त रविवार उरतो. इतर गर्भनिरोधक गोळ्या रोज न चुकता घ्याव्या लागतात. मग हिलाच ही सवलत का, याचे उत्तर तिच्यातल्या सेंटक्रोमॅन या औषधी रेणूत आणि तो घडवणाऱ्या डॉ. नित्य आनंद यांच्या कारकिर्दीत आहे.

त्यांचा जन्म १९२५ साली लायलपूरचा. लाहोर आणि दिल्ली येथे शिक्षण झाल्यावर ते मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, आले आणि १९४८ मध्ये प्रा. के. वेंकटरामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएचडी मिळवली. तेवढ्यावर न थांबता केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे न्यूक्लिइक आम्लांवर काम करून त्यांनी दुसरी पीएचडी केली. १९५१ मध्ये लखनौच्या छत्तर मंझिल या नवाबी महालात केंद्रीय औषध संशोधन संस्था नुकतीच उघडली होती. ते तेथे रुजू झाले आणि १९७४ ते १९८४ या काळात तिचे संचालकही होते.

सेंटक्रोमॅनच्या नावातले ‘सेंट’ या संस्थेच्या ‘सेंट्रल’मधून आले आहे आणि ‘क्रोमॅन’ हा रेणूचा सांगाडा आहे: बेंझिनच्या कड्याला चिकटलेले, एक ऑक्सिजन धरून बसलेले सहा अणूंचे दुसरे कडे. या दुसऱ्या कड्यावर शेजारच्या दोन कार्बनांना दोन फेनिल गट, म्हणजे बेंझिनचीच आणखी दोन कडी, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना बसवलेले आहेत आणि त्यांपैकी एकाला टोकाशी नायट्रोजन असलेली लांब शेपटी आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा हा रेणू स्टेरॉइड नाही, तरीही तो इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीतल्या त्याच्या ठरलेल्या खाचेत, जाऊन बसतो, आणि ती शेपटी तेथे आडवी येत असल्यामुळे गर्भाशयात इस्ट्रोजेनचे काम अडते. बीज बाहेर पडण्याची क्रिया सहसा चालूच राहते. गर्भाशयाचे अस्तर मात्र गर्भ रुजण्याच्या वेळी तयार नसते. शरीरातून हे औषध इतके सावकाश बाहेर पडते की त्याचे अर्धे प्रमाण उरायला सुमारे आठवडा लागतो. सुरुवातीचे रविवार-बुधवार रक्तातली पातळी भरून काढण्यासाठी असतात. ती भरली की एकच वार पुरतो.

येथे थोडे विषयांतर. वेंकटरामन यांचे नाव ज्या अभिक्रियेला बेकर यांच्याबरोबर जोडले जाते, ती फ्लेव्होन आणि क्रोमोन बनवण्याच्या वाटेवरची आहे, म्हणजे ऑक्सिजन असलेल्या याच जोड-कड्यांच्या कुळातली. शिष्याला पुढे क्रोमॅन सुचण्यामागे ते संस्कार होते, असे मला वाटते. याला पुरावा मागू नका.

साठच्या दशकात बनलेला हा रेणू ‘सहेली’ या नावाने बाजारात आला तो १९९१ मध्ये. मधली दोन दशके आणि वर काही वर्षे प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या तपासण्यांत आणि स्त्रियांवरच्या चाचण्यांत गेली. हे काम एकट्या रसायनतज्ज्ञाचे नव्हते. अंतःस्रावशास्त्रज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांचा त्यात तेवढाच वाटा होता. संशोधकाचे मोल त्याच्या लेखांचे संदर्भ किती जणांनी दिले यावर ठरवण्याची आता पद्धत आहे, आणि त्या मापानेही डॉ. आनंद उणे ठरत नाहीत. १९७० साली बिंद्रा आणि रंगनाथन यांच्यासह त्यांनी सेंद्रिय संश्लेषणावर लिहिलेला ग्रंथ परदेशातून प्रसिद्ध झाला होता. तरीही मला मोठी वाटते ती गोष्ट वेगळी. त्याच वर्षीच्या, औषधाला नव्हे तर ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट देणाऱ्या कायद्यानंतर आपले औषध उद्योग परदेशी रेणू नव्या पद्धतीने बनवण्यात तरबेज होत गेले. अगदी नवा रेणू येथेच कल्पून थेट गोळीपर्यंत नेण्याची उदाहरणे मात्र फार थोडी आहेत.

गोळीबद्दल तक्रारीही आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत पाळी लांबते, आणि गर्भ राहू नये म्हणून गोळी घेणाऱ्या बाईला पाळी लांबण्याइतकी दुसरी धास्ती नसते. डॉ. आनंद २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी लखनौत वारले. त्याच्या आठएक वर्षे आधी त्यांची गोळी ‘छाया’ या नावाने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात आली होती, आणि आज ती आरोग्य उपकेंद्रांवर मोफत मिळते.